दोन्हीचं एक होते काय?

रिठदच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा उत्तम काकाजींनी मला भाड्याची खोली दाखवायच्या आधी खुर्चीत बसवलं. मी उन्हातून आलेली, दोन्ही हातांत पिशव्या, घसा कोरडा. पाणी मिळेल या आशेने मी त्या वेताच्या खुर्चीत टेकले, तर समोर माझ्या कमरेच्या वर येतील एवढे दोन लाकडी डबे, आणि शेजारी पायजमा-बंडीतले, पांढऱ्या मिशांचे उंच काकाजी उभे.

"डोये मिटा मॅडम," ते म्हणाले.

अनोळखी गाव, अनोळखी घर, आणि पहिलंच फर्मान हे. पण स्वयंपाकघराच्या दारात एक बाई तूर निवडत बसल्या होत्या आणि त्या हसत होत्या, म्हणून मी मिटले. गाणं सुरू झालं.

"तबला कुठं हाये?"

मी भीतभीत उजवीकडे बोट केलं.

"अन् बाई?"

"कोण बाई?"

"गानारी."

मी डावीकडे बोट केलं. काकाजींनी गाणं बंद केलं आणि दाराकडे तोंड करून हाक दिली, "अवं, पानी आन. मॅडमचे कान चांगले हायेत. खोली देऊन टाकू."

भाडं, लाइट, नळाची वेळ या किरकोळ गोष्टींचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं.

काकाजी हळद आणि सोयाबीन पिकवणारे शेतकरी. गावाच्या कडेला जमीन, गावात हे घर, मुलं नोकरीनिमित्त बाहेर. हळदीला चांगला भाव मिळाला त्या एका वर्षी गावातल्या लोकांनी मोटारसायकली घेतल्या, कोणी मुलीचं लग्न उरकलं, आणि काकाजी अकोल्याहून टेम्पोत घालून एक अँप्लिफायर आणि हे दोन स्पीकर घेऊन आले. खोकी उतरताना बघून गावाला वाटलं, पिठाची गिरणी आली. काही बायका दळण घेऊन आल्याही म्हणे. काकाजींनी त्यांना परत न पाठवता एकेकीला खुर्चीत बसवून गाणं ऐकवलं आणि मग पाठवलं.

त्यांच्या तोंडी एक वाक्य सतत असायचं, "बराबर लागलं पायजे." आवाज बराबर लागला पाहिजे, वरणाचं मीठ बराबर लागलं पाहिजे, शेजारच्या पोराचं लग्न ठरलं तर ते जोडपंही बराबर लागलं पाहिजे. बंडीच्या खिशात कायम सुतळीचं एक भेंडोळं. एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक डब्यापासून खुर्चीपर्यंत, हा त्यांचा नेम. त्यांच्या पत्नी रुखमाकाकूंनी झाडताना खुर्ची बोटभर सरकवली तरी काकाजी ऐकायला बसण्याआधी सुतळी काढणार, ओणवं होऊन तीन बाजू मोजणार, आणि कंबर धरून उठताना म्हणणार, "आता कसं."

त्या डब्यांना ते स्पीकर कधी म्हणत नसत, जोडी म्हणत. ट्रॅक्टर आल्यावर घरचे बैल विकले गेले होते. तरी पोळ्याच्या दिवशी काकाजी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून या जोडीला कुंकू लावत आणि दोन्ही डब्यांवर झुलीसारखी काकूंच्या जुन्या जरीच्या लुगड्याची चादर टाकत. काकू पुरणपोळीचं ताट समोर धरून विचारायच्या, "खातात काय पाहा बरं, नाईतं तुमीच खाऊन घ्या." काकाजी गंभीरपणे डब्यांकडे पाहत आणि मग ताट घेत.

घरी आलेल्या प्रत्येकाला त्या खुर्चीत बसावं लागे. लग्नपत्रिका घेऊन आलेला, कापसाचा भाव विचारायला आलेला, मत मागायला आलेला, सगळ्यांची तीच परीक्षा. एकदा सरपंच आले आणि डोळे मिटायला सांगितल्यावर चक्क झोपी गेले. बरोबरचे लोक उठवायला लागले तर काकाजींनी त्यांना हातानेच थांबवलं. "झोपला म्हन्जे आवाज बराबर लागला. राहू द्या."

हे सगळं मी हसत पाहायची. पण त्या घरात ऐकण्यासारखं खरं काही होतं ते जोडीत नव्हतं, ते स्वयंपाकघराच्या दारात होतं.

रुखमाकाकूंची जागा तिथे. उजव्या डब्याला लागूनच ते दार, आणि दारात पाय पसरून काकू काहीतरी निवडत, चिरत, सोलत बसलेल्या. गाणं लागलं की त्या गुणगुणायच्या. शब्द त्यांना पाठ नसत, नुसता सूर धरून हूं हूं करत राहायच्या. जो माणूस गाणं चालू असताना वाटीवर चमचा आपटला तरी मान वळवून बघायचा, तो या गुणगुणण्याला कधी एका शब्दाने बोलला नाही. उलट काकूंचा सूर लागला की ते उठून आवाज किंचित कमी करायचे. त्यांना वाटे कोणाच्या लक्षात येत नाही. काकूंना ते वर्षानुवर्षं ठाऊक होतं.

मी राहायला आले त्याच पावसाळ्यात काकूंना ताप आला आणि ताप गेला तो त्यांचा डावा कान घेऊन गेला. वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता यात काही परत यायचं नाही. काकूंनी ते फार मनावर घेतलं नाही. "एक हाये ना अजून," त्या मला म्हणाल्या. "यायचं बोलनं आयकाले एक पुरते."

पण गुणगुणणं थांबलं. उजव्या डब्याजवळ बसलेल्या काकूंच्या चांगल्या कानात आता उजव्याच डब्यातलं जाई. जुन्या गाण्यांत तर सरळ वाटणीच केलेली असायची, इकडे तबला-पेटी, तिकडे गळा. काकू थोडा वेळ कान देऊन ऐकायच्या आणि म्हणायच्या, "ते बाई कुठं गेली हो? नुसतं ठोकून राह्यले." आणि परत तुरीत मान घालायच्या.

काकाजींनी काय करावं? त्यांनी आपली खुर्ची देऊ केली. ती खुर्ची त्यांनी आमदारालाही दोन गाण्यांपलीकडे दिली नव्हती. काकू बसल्या, इकडे मान वळवली, तिकडे वळवली, आणि उठल्या. "एकीकळूनच येते हो इथंबी. अन् मी इथं बसली तं भाकरी कोन करन?"

त्या संध्याकाळी काकाजी जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी शाळेच्या वह्या तपासत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, घर मुकं झालं माहं." इतक्या थट्टेखोर माणसाच्या तोंडून ते ऐकून मला पुढे वह्या तपासवेनात.

त्यातच त्यांचा सीडी प्लेअर गेला. कॅसेटी तर आधीच पेटीत मुंग्यांच्या ताब्यात होत्या. गावातल्या पोट्ट्यांनी सांगितलं, "काकाजी, आता सगळं नेटवर असते. वायफाय घ्या अन् एक डबडं जोडा." काकाजींनी वायफाय घेतलं. जगातली सगळी गाणी आपल्या घरावरून वाहून राह्यली आणि आपल्यापाशी भांडं नाही, असं त्यांना वाटायला लागलं. त्या भांड्याच्या शोधात आमचं पुढचं वर्ष गेलं.

पहिलं भांडं म्हणजे काडेपेटीएवढं ब्लूटूथ. ते अँप्लिफायरला जोडायचं आणि फोनमधून गाणं पाठवायचं. उत्साहाने काकाजींनी शेजारच्या चार घरांना बोलावलं. गाणं रंगात आलं आणि बाजार समितीचा हळदीचा भाव मेसेजने आला. टण्ण! त्या जोडीतून तो आवाज असा निघाला की कोपऱ्यात निजलेलं मांजर कपाटावर जाऊन बसलं. मग कोणाचा तरी फोन आला, गाणं थांबलं, परत सुरू झालं, काकाजी अंगणात गेले तर फोनही खिशातून गेला आणि गाणं तुटलं. "हे तं गान्याले दावं बांधून फिरल्यासारखं झालं," म्हणून त्यांनी ते काढून टाकलं.

दुसरं भांडं त्यांच्या पुतण्याने सुचवलं. हा इंझोरीला राहायचा आणि त्याला यातलं कळतं असा त्याचा स्वतःचा समज होता. फोनमधले आकडे आवाजात बदलणारी एक डबी असते, ती चांगली घेतली की आवाज धुतल्यासारखा येतो, तिला डॅक म्हणतात. काकाजींनी मागवली. आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "माहा डॅक येऊन राह्यला."

आता डॅक हा शब्द रिठदमध्ये दुसऱ्याच वळणावर डाक झाला. उत्तमरावांची डाक येणार आहे. कसली डाक? इतकी वाट पाहायची म्हणजे कोर्टाचीच असणार. जमिनीचं काही असेल. पोस्टमन रोज दारावरून जाताना काकू त्याला थांबवत, "यायची डाक आली काय रे?" तो बिचारा विम्याचं पत्र, लाइट बिल, कोणाची तरी बारशाची पत्रिका असं काहीबाही देई, आणि काकाजी हात हलवून म्हणत, "हे नाई बाप्पा, डॅक." पोस्टमनला वाटलं हा माणूस आपल्यावर काहीतरी दडपल्याचा संशय घेतो. त्याने साहेबांना सांगितलं. साहेबांनी गोणपाटं झटकून शोध घेतला. तिकडे काकूंच्या माहेरी बातमी गेली की दाजींवर केस झाली, आणि एका सकाळी काकूंचे दोन भाऊ ओळखीच्या वकिलालाच जीपमध्ये घालून दारात उतरले.

"घाबरू नका दाजी, आमी हावो," थोरला म्हणाला. "कोनं केस केली?"

काकाजी आधी बघतच राहिले. मग त्यांना उलगडा झाला. ते इतके हसले की भिंतीला धरून खाली बसले. तेवढ्यात कुरिअरवाला मोटारसायकलवरून आला आणि त्याने सही घेऊन एक चिमुकली डबी हातात दिली. काकाजींनी ती उघडून वकिलासमोर धरली. "हे पाहा डाक. आता आलेच हा तं बसा खुर्चीत. डोये मिटा."

वकिलाने तबला बरोबर ओळखला. डबीने आवाज खरंच धुऊन निघाला होता. पण दारातून काकू म्हणाल्या, "चांगलं हाये. पन बाई नाईच." आणि सगळे जेवायला बसले.

मग पोहरादेवीची यात्रा. मानोऱ्याकडच्या एका जुन्या मित्राने रामनवमीला बोलावलं होतं, म्हणून काकाजी, काकू आणि मी गेलो. माणसांना माणसं घासत चाललेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खांबांवर कर्णे बांधलेले, आणि सगळ्यांतून एकच भजन. आवाज फाटका, मध्येच शिट्टी मारणारा. काकाजींसारख्या माणसाने कानांत बोटं घालावीत असा. मी त्यांच्याकडे गमतीने बघत होते, तर ते चालता चालता एकदम थांबले. मागची माणसं त्यांच्यावर आदळली.

"मॅडम," ते म्हणाले. "आयका."

मला काही कळेना. मग कळलं. पुढे चाललेल्या काकू गुणगुणत होत्या.

उजवीकडून तेच, डावीकडून तेच. गळा कोणत्याच बाजूला हरवत नव्हता. काकाजींनी एका खांबाकडे पाहिलं, मग दुसऱ्या खांबाकडे. "दोन्हीतून एकच येऊन राह्यलं," ते पुटपुटले. "दोन्हीचं एक केलं तं इले पुरं गानं येते." त्या गर्दीत, त्या धुरळ्यात, काकाजींचे डोळे भरून आले. देवीला त्यांनी काय मागितलं ते मला माहीत नाही, पण घरी येईपर्यंत ते तेच बोलत होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं अकोल्याला गेलो. दुकान मोठं होतं, काचेचं, आत गालिचा. तिथला तरुण विक्रेता नम्र आणि हुशार होता. त्याने नेटवरचं गाणं वाजवणारी एकेक पेटी, म्हणजे स्ट्रीमर, पुढे मांडला. याला फोन फक्त गाणं निवडायला लागतो, गाणं हा सरळ वायफायवरून घेतो. याच्यात तुमच्या त्या डबीपेक्षा भारी डबी आतच आहे. हा तर काका, रेकॉर्डिंगच्या खोलीत बसल्यासारखं वाटायला लावतो. काकाजी सगळं शांतपणे ऐकून घेत आणि प्रत्येकाला एकच विचारत:

"दोन्हीचं एक होते काय?"

"म्हणजे?"

"डाव्यातलं अन् उजव्यातलं एक करून दोन्हीकळून काडते काय?"

विक्रेत्याला आधी वाटलं, काका चेष्टा करतायत. "काका, लोक एकाचे दोन व्हावेत म्हणून इथे येतात. तुम्हाला स्टिरिओचं मोनो करायचंय? मग एवढं भारी घेता कशाला?"

"मले नाई करायचं. इच्यासाठी करायचं हाये." त्यांनी काकूंकडे बोट दाखवलं. काकू चप्पल बाहेर काढून गालिच्यावर मांडी घालून बसल्या होत्या आणि पिशवीतल्या दशम्या काढून विक्रेत्याला देत होत्या. "एक कान गेला तिचा. गानं अर्धंच येते. मले ते पुरं करून द्या, मंग तुमी म्हनान ते घेतो."

विक्रेत्याने दशमी हातात घेतली आणि चेहरा बदलून आत गेला. सगळ्या यंत्रांची माहिती काढत, फोनवर कोणाकोणाला विचारत तो बराच वेळ खपला. पहिल्यात नव्हतं. सगळ्यांत महागड्यातही नव्हतं, त्याचं काकाजींना फार नवल वाटलं. शेवटी एका साध्या काळ्या पेटीच्या सेटिंगमध्ये, आत, अजून आत, ती सोय सापडली. "आहे काका!" तो ओरडला, आणि दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक दचकलं. काकाजींनी त्याला मिठी मारली. पेटीचा रंग, आकार, बाकीचे गुण त्यांनी विचारलेच नाहीत.

घरी आल्यावर काकाजींनी हातपाय धुतले, जोडीवरची धूळ पुसली, सुतळीने खुर्ची मोजली. मग मला म्हणाले, "दाबा मॅडम." मी फोनवर ते सेटिंग सुरू केलं.

खुर्चीत काकाजी बसले होते. त्यांच्यासाठी त्या क्षणी तबला उजवीकडून उठला, गळा डावीकडून, आणि सगळं येऊन मध्ये एकाच ठिकाणी गोळा झालं. इतकी वर्षं सुतळीने राखलेली ती रुंदी मिटून गेली. ते दाराकडे बघत होते.

काकूंनी भेंडी चिरता चिरता हात थांबवला. मान जराशी वर केली. "आली," त्या म्हणाल्या. "बाई आली." आणि दोन ओळी ऐकून घेऊन त्यांनी सूर धरला.

काकाजी सवयीने उठले आणि आवाज किंचित कमी केला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काकाजींनीही लपवलं नाही.

गोष्ट एवढ्यावर संपली असती, पण काकू दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना म्हणाल्या, "अवो, दोन्हीतून एकच निघते ना आता?"

"हो."

"मंग दोन्ही डबे बैठकीत कायले पायजेत? एक मले सैपाकघरात द्या."

काकाजींच्या हातातली बशी तशीच राहिली. "अवं, जोडी हाये ते! जोडी कोनी फोडते काय?"

"पोया-पोयाले बांधजा एका जागी," काकू म्हणाल्या आणि पातेलं धुवायला घेतलं.

दिवसभर काकाजी जोडीभोवती फिरत होते. मी त्यांना समजवायला गेले नाही. नवरा-बायकोच्या भांडणात आणि डाव्या-उजव्या डब्यांत भाडेकरूने पडू नये. संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा दोन गडी डावा डबा स्वयंपाकघरात नेत होते आणि काकाजी मागून ओरडत होते, "सांभाळून रे, धक्का लागला नाई पायजे!"

वर्षभराने माझी बदली कारंज्याकडे झाली. निरोप घ्यायला मी खाली उतरले तेव्हा संध्याकाळची भाकरी चालली होती. एक डबा बैठकीत, एक चुलीपासून जरा दूर, पिठाच्या डब्याशेजारी. दोन्हींतून तीच बाई गात होती, आणि तिच्यावर काकूंचा सूर चढला होता. काकाजींची वेताची खुर्ची बैठकीत नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात, बरोबर उंबऱ्यावर आली होती. आत जायला-यायला वाट राहिली नव्हती आणि काकूंना भाकरीचं टोपलं त्यांच्या डोक्यावरून बाहेर द्यावं लागत होतं.

मी पायाला हात लावायला वाकले तोवर काकाजी खुर्चीतून उठले होते. ते जमिनीवर ओणवे झाले होते. बैठकीतल्या डब्यापासून उंबऱ्यापर्यंत त्यांनी सुतळी ताणली, चिमटीत धरली, वळले, आणि आतल्या डब्यापर्यंत नेली. बोटभर कमी पडत होती. त्यांनी खुर्ची आत, काकूंच्या बाजूला सरकवली, परत मोजलं, आणि कंबर धरून उठले.

"आता कसं," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आत काकूंकडे मान केली. "आयकत राहा मॅडम. बोलू नोका."